तळं आटल्यावर काय करावं

प्राण्यांनाही सभा भरवायची हौस होती, त्या काळातली ही गोष्ट. एका तळ्याचं पाणी भराभर आटू लागलं, तेव्हा 'तळं आटल्यावर काय करावं' या विषयावर सभा ठरली. वक्ते निवडायचं काम बगाजी बगळ्याकडे आलं. त्याने पुष्कळ विचार करून चार वक्ते निवडले आणि चौघेही बगळेच निघाले.

"दुसरं कुणी मिळालंच नाही होय?" मंडाबाई बेडकीने विचारलं.

"आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो, बाई," बगाजी मान ताठ करून म्हणाला.

सभा रंगली. पहिल्या वक्त्याने सांगितलं, "तळं आटलं की उडून दुसऱ्या तळ्यावर जावं." दुसऱ्यानेही तेच सांगितलं, फक्त जरा नटवून. तिसरा दोघांशी पूर्ण सहमत होता. उडण्याआधी पोटभर खाऊन घ्यावं, अशी चौथ्याने मोलाची भर घातली, तेव्हा श्रोत्यांतले मासे हळूच मागे सरकले.

"आणि पंख नसले तर?" धोंडूबाई कासवीण म्हणाली.

बगाजीने आशेने वक्त्यांकडे पाहिलं. चौघेही आभाळ न्याहाळत होते.

"धोंडूबाई, तुम्हीच सांगा की चार शब्द," तो कसाबसा म्हणाला.

ती पुढे आली आणि चिखलात रुतून उन्हाळा कसा काढायचा ते सांगू लागली. पेंगणारी सभा खडबडून जागी झाली.

"केवळ कासव आहे म्हणून बोलावलंस तिला!" चौथा वक्ता बगाजीवर कडाडला.

"मग तुम्हाला तरी कशासाठी बोलावलं होतं, मामा?" बगाजीच्या तोंडून निघून गेलं.