वरची वाडी खाली कशी गेली?

एका डोंगराच्या पोटाशी नऊ वाड्यांचं एक गाव होतं, आणि त्या गावात सखोबा नावाचा एक चितारी राहत होता. देवळाच्या भिंती, लग्नाचे पाट, लाकडी खेळणी, जे समोर येईल ते तो रंगवी. त्याला एकच खोड होती. नवं हत्यार दिसलं की त्याचे पाय तिथंच खिळत. हे कशानं चालतं, उघडलं तर आत काय दिसेल, असे प्रश्न त्याला जेवता जेवताही सुचत. बायकोचा अडकित्ता त्यानं दोनदा सुटा करून पाहिला होता आणि दोन्ही वेळा बोलणी खाल्ली होती.

त्या वर्षी गावची म्हातारी सुईण वारली. ओढ्यापलीकडच्या गावची गोजराबाई यायला तयार होती, पण तिला इथल्या वाटा ठाऊक नव्हत्या. निरोप जाई तो बाजाराला निघालेल्या माणसाबरोबर. तो पुढं बाजाराला जाई, आणि गोजराबाईला एकटीनंच घर शोधावं लागे. पहिल्याच खेपेला ती सकाळी निघाली आणि चुकत चुकत दुपारी पोचली. तोवर मूल झालं होतं आणि आईचा जीव जेमतेम वाचला होता.

पाटलांनी सखोबाला बोलावलं. म्हणाले, "नऊही वाड्यांचा नकाशा काढ. त्या बाईला पुन्हा चकवा लागता कामा नये."

सखोबा लगेच कबूल झाला. त्याचं घर वरच्या वाडीत, आणि त्याची लेक मंजुळा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला दोनच महिने उरले होते.

तो तडक तालुक्याच्या दुकानात गेला. दुकानदारानं विचारलं, "काढायचंय काय?" सखोबाला ते ऐकूच गेलं नाही. तो पितळी होकायंत्राची सुई बघत होता. डबी कशीही फिरवा, सुई आपली उत्तरेलाच! त्यानं होकायंत्र घेतलं, मोजणीची साखळी घेतली, जाड गुळगुळीत कागद घेतला. मग महिनाभर तो गावभर साखळी ओढत हिंडला. नकाशा झाला तो असा देखणा, की पाटील म्हणाले, "हा चावडीवर लावू."

गोजराबाईला बोलावणं गेलं. तिनं नकाशा बघितला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"मला अक्षर येत न्हाई. वरची वाडी कुटं हाय?"

सखोबानं कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. "ही इथं, खाली."

"वरची वाडी खाली कशी गेली, चितारीबुवा?"

"नकाशात उत्तर वर असते. आपला डोंगर दक्षिणेला, म्हणून तो खाली आला."

"असं कोन म्हनतं?"

"होकायंत्र."

"मग बाळंतपनाला त्यालाच बोलवा," गोजराबाई म्हणाली आणि उठली.

चावडीत हशा पिकला. सखोबाचे कान तापले. पाटलांनी समजूत घातली, "तिला कळत नसेल तर तू समजावून सांग. एवढा सुंदर नकाशा!" सखोबालाही तेच हवं होतं. नकाशा गुंडाळून तो घरी आला, तर मंजुळा दारातच बसली होती. तिनं विचारलं, "बाबा, ती येईल ना वेळेवर?"

सखोबानं नकाशा कोनाड्यात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी तो रिकाम्या हातानं ओढा ओलांडून गोजराबाईच्या दारी गेला. "बाई, माझं चुकलं. तुम्ही वाट कशी ध्यानात ठेवता, तेवढं सांगा."

"सांगून न्हाई कळायचं. चला माज्यासंगं."

दोघं एकेका वाडीची वाट चालू लागले; वळण सखोबा सांगे, खूण ती धरी. सखोबाला वाटलं होतं, ही रस्ता बघत असेल. ती तर पाणी ऐकत होती! ओढा डाव्या हाताला वाजतोय तोवर वाट बरोबर. पायाला चढ लागला की डोंगर समोर. अंतर ती पानावर मोजायची. एक विडा तोंडात विरला की फणसाचं झाड, दुसरा विरला की पडकी विहीर. सखोबा प्रश्नांवर प्रश्न विचारत होता. इतकी गंमत त्याला होकायंत्रातही वाटली नव्हती.

"कागद का नको?" त्यानं विचारलं.

"ओढ्यात भिजतो. माज्या कमरेला खोचता यील असं कायतरी द्या."

सखोबानं बायकोच्या जुन्या लुगड्याचा तुकडा मागून घेतला. काजळी आणि तांबडी काव घेतली. डोंगर कापडाच्या वरच्या अंगाला काढला, म्हणजे वरची वाडी वर आली. ओढा काढला, फणस काढला, विहीर काढली. दोन खुणांमध्ये जितके विडे, तितकी विड्याची पानं. अक्षर एकही नाही. साखळी त्यानं पाटलांच्या बांधाच्या मोजणीला देऊन टाकली. तिथं तिचं काम होतं.

पुढच्या महिन्यात सखोबा बाजारातून परतला तो घरासमोर बायकांची गर्दी बघून.  तेवढ्यात आतून तान्ह्याचं रडणं आलं, चांगलं खणखणीत. मंजुळाला मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या. सखोबा ओटीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

गोजराबाई हात धुऊन बाहेर आली. कमरेचं कापड सोडून तिनं त्याच्यापुढं धरलं. "सरळ आले, कुटं थांबले न्हाई. पर यात एक ऱ्हायलं."

"काय राहिलं?"

"तुमच्या दारचं कुत्रं! लुगडं फाडलं की माजं."

सखोबानं डोळे पुसले, चुलीतला कोळसा आणला आणि तिथल्या तिथं आपल्या घरापुढं एक कुत्रं काढलं.

तात्पर्य: साधन निवडण्याआधी, ते ज्याच्या हाती द्यायचं त्या माणसाला विचारावं. त्याला वाट दाखवील तेच साधन चांगलं.