सटवाची शंभर पावलं

फार वर्षांपूर्वी भीमेच्या वरच्या अंगाला पागेवाडी नावाचं गाव होतं, आणि त्या गावात माणसापेक्षा घोड्याचा मान मोठा होता. घरात पोराचं बारसं राहून जायचं, पण शिंगरू जन्मलं की गावभर गूळ वाटला जायचा. ज्याच्या दारात घोडा बांधायचा खुंट, तो माणूस. ज्याच्या दारात खुंट नाही, तो नुसता गावात राहणारा. हा कायदा कुणी लिहून ठेवला नव्हता. लिहिला असता तर एखाद्यानं खोडला तरी असता.

गावाच्या मधोमध दगडी बारव होती, पायऱ्या उतरून पाण्याशी जायचं अशी मोठी विहीर. तिच्या शेजारी कडुलिंबाखाली कट्टा. उन्हं कलली की घोडेवाले तिथं जमायचे आणि घोड्यांबद्दल बोलायचे. दुसरा विषयच नाही. कुणाची घोडी खोगिराचा पट्टा, म्हणजे तंग, आवळताना मुद्दाम पोट फुगवायची आणि मग वाटेत खोगीर घसरायचं. कुणाचा घोडा ओढ्यातलं चकाकतं पाणी बघून बुजायचा. कुणाच्या घोड्याची पाठ खोगिरानं सोललेली. एकानं दुखणं सांगितलं की दहा जण इलाज सांगायचे. जखमेला हळद-तूप लावा, खोकल्याला ओवा-गूळ द्या, बुजरा असेल तर पुढं म्हातारी घोडी चालवा. जो परवाच घोड्यावरून काट्यांत पडला होता, तो मांड कशी पक्की ठेवावी हे सगळ्यांत मोठ्यानं सांगायचा.

बोलायचं मात्र खुंटवाल्यांनीच. बाकीच्यांनी घोड्यांचे लगाम धरून कट्ट्याखाली उभं राहायचं. दाऊद नालबंद सगळ्या गावाच्या घोड्यांना नाल ठोकायचा, पण त्याच्याकडंही गाढवाहून दोन बोटं उंच असं एक लंगडं तट्टू होतं, म्हणून त्याला कट्ट्याच्या कडेला टेकायला मिळायचं.

खाली उभ्या राहणाऱ्यांत सटवा होता. निळोजीरावांचा मोतद्दार. मोतद्दार म्हणजे घोड्याला खरारा करणारा, चंदी घालणारा, लीद काढणारा माणूस. त्याचा बाप हेच करता करता मेला आणि आजाही. असं म्हणतात, की घोडा वेशीत शिरला की सटवा परसात बसून सांगायचा, मागच्या डाव्या नालेचा खिळा हललाय. असं म्हणतात, की तो घोड्याच्या कुशीला कान लावायचा आणि घोडं काल कुठल्या रानात चरलं ते ओळखायचा. म्हणतात बापडे. म्हणायला काय जातं? तो जिवंत असताना यातलं एक अक्षर कुणी कट्ट्यावर काढलं नव्हतं.

उलट व्हायचं असं, की सकाळी पागेत लीद भरता भरता सटवा निळोजीरावांना काही सांगायचा, आणि संध्याकाळी निळोजीराव तेच कट्ट्यावर सांगायचे, मिशीवर बोट फिरवून, स्वतःचं म्हणून. माना डोलायच्या. सटवा खाली उभा राहून स्वतःचंच बोलणं ऐकायचा. सुरुवातीला त्याला हसू यायचं. पुढं पुढं येईना.

निळोजीरावांच्या पागेत एका वर्षी एक घोडी व्याली आणि तिथंच मेली. मागं राहिलं पारव्या रंगाचं शिंगरू, काड्यांच्या पायांचं. निळोजीराव म्हणाले, हे काही जगत नाही. सटवानं ते घोंगडीत गुंडाळलं, शेळीचं दूध फडक्यानं पाजलं आणि दोन महिने पागेतच अंथरूण टाकलं. त्याची बायको म्हणायची, मी पण चार पायांची असते तर बरं झालं असतं. शिंगरू जगलं. सटवानं त्याचं नाव पारवी ठेवलं. पारवी मोठी झाली तेव्हा तिच्यासारखी चाल त्या मुलखात नव्हती. पाठीवर भरलेला तांब्या ठेवला तर थेंब सांडत नव्हता, असं म्हणतात.

निळोजीरावांना आयुष्यात एकच गोष्ट मिळाली नव्हती, चैत्राच्या जत्रेतल्या शर्यतीचा मान. पारवीला बघून त्यांच्या जिवाला ती आस लागली. एक दिवस खुशीत येऊन ते म्हणाले, "सटव्या, यंदा पारवीनं शर्यत मारली, तर तिचं पयलं शिंगरू तुझं. मी सवता तुझ्या दारात खुंट रोवायला येईन."

सटवाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्याच्या घरात तीन पिढ्यांनी घोडे वाढवले होते आणि तीन पिढ्या खाली उभ्या राहिल्या होत्या. शिंगरू आलं की खुंट येणार. खुंट आला की कट्ट्यावर चढता येणार, आणि स्वतःचं बोलणं स्वतःच्या तोंडानं बोलता येणार. एवढंच हवं होतं त्याला. दुसऱ्याच दिवशी त्यानं बाभळीचा एक ओंडका आणला आणि खुंट तासायला घेतला. रोज थोडा तासायचा, तेल पाजायचा आणि दाराआड उभा करून ठेवायचा.

शर्यत पाच कोसांची, खिंडीपासून बारवेपर्यंत. त्या वर्षी चैत्रातच वैशाख पेटला होता. अकरा घोडे सुटले. निळोजीरावांचा मुलगा पारवीवर होता, पण घोडीला त्याच्या टाचेची गरजच नव्हती. बारवेपाशी सटवा उभा आहे हे तिला माहीत होतं. ती आली तेव्हा बाकीच्यांची धूळसुद्धा दिसत नव्हती.

आता पागेवाडीची एक रीत होती. जिंकलेल्या घोड्याला तिथल्या तिथं, सगळ्यांसमक्ष, मानाचं पाणी पाजायचं आणि मानाची चंदी द्यायची. आजवर ते नावापुरतंच व्हायचं. ओंजळभर पाणी, मूठभर हरभरा, की झाली रीत. पण निळोजीराव पहिल्यांदा जिंकले होते, आणि पहिल्यांदा जिंकणाऱ्याचा हात आखडत नाही. त्यांनी तांब्याची घंगाळं मागवली, बारवेच्या तळचं गार पाणी काठोकाठ भरवलं, भिजल्या हरभऱ्याचे तोबरे तयार केले आणि हुकूम सोडला, आज अकराही घोड्यांना पोटभर मान!

पारवीच्या अंगावरून घामाच्या धारा चालल्या होत्या. कुशी भात्यासारख्या हलत होत्या. सटवानं तिचा लगाम धरला आणि धरूनच ठेवला.

"धनी," तो खालून म्हणाला, "घाम वाळला न्हाई अजून. शंभर पावलं फिरवू द्या तिला. अंग निवलं की मग पाजा. आत्ता पाजलं तर आतडं पिळंल."

कट्ट्यावरच्या माना खाली वळल्या. खालचा माणूस बोलला होता. निळोजीराव हसले आणि त्यांनी पागेवाडीत ज्याला उत्तर नव्हतं तो प्रश्न विचारला, "सटव्या, खुंट कुणाच्या दारात हाय?"

लोक हसले. प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण दाऊद नालबंद भाबडेपणानं बोलून गेला, "पर निळोजीराव, मागल्या पुनवेला तुम्हीच तर हितं सांगितलं हुतं की. घाम वाळल्याबिगर पाणी दावू नगा, शंभर पावलं फिरवा. तुमचेच बोल हायेत ते."

बिचाऱ्या दाऊदला वाटलं, आपण मदत केली. निळोजीरावांचा चेहरा मात्र उतरला. आता सटवाचं ऐकलं, तर इतकी वर्षं कट्ट्यावर कोण बोलत होतं हे आंधळ्यालाही कळलं असतं. "ते तट्टांसाठी सांगितलं हुतं," ते ओरडले. "जातिवंत घोडीला असलं काय लागत न्हाई. सोड लगाम, सटव्या. का शिंगरू नगं तुला?"

सटवानं पारवीकडं पाहिलं. तिला पाण्याचा वास आला होता आणि ती त्याच्या खांद्याला नाक घासत होती. दाराआडचा खुंट त्याच्या डोळ्यांपुढं आला. गोष्ट सांगणारे इथं भराभर पुढं जातात, कारण इथं सांगण्यासारखं चांगलं काही नाही. मी जाणार नाही. सटवाला सगळं कळत होतं, आणि तरी त्यानं लगाम सोडला.

पारवी दोन घंगाळं प्यायली आणि तोबरा चाटून रिकामा केला. बाकीच्या दहा घोड्यांनाही मान मिळाला. वाजंत्री वाजली. सूर्य मावळायच्या आत पहिल्या घोड्यानं पाय आपटायला सुरुवात केली. मग दुसऱ्यानं. घोडे मान वळवून आपल्याच पोटाकडं बघायला लागले, जमिनीवर अंग टाकून लोळायला लागले. पोटशूळ. ज्यांना तासाभरापूर्वी हसू आवरत नव्हतं ते धावत खाली आले आणि म्हणाले, "सटवा, बघ की रे बाबा!" बघा, लगेच बाबा झाला.

"उठवा," सटवा म्हणाला. "लोळू देऊ नगा. माझ्या मागनं चालवा."

त्यानं पारवीला उठवलं आणि बारवेभोवती चालू लागला. असं म्हणतात, की तो तीन दिवस आणि तीन रात्री चालला. असं म्हणतात, की पहिल्या दिवसानंतर घोडेवाले थकून बसले, पण त्यांचे घोडे लगामाशिवाय सटवाच्या मागं चालत राहिले, एकामागं एक, आणि त्याच्या पायांतून गळलेल्या रक्तावर पाय न देता. बारवेभोवतीचा दगड त्या चालण्यानं वीतभर झिजला, तो आजही दाखवतात. एकेका घोड्याचं पोट मोकळं होत गेलं आणि एकेक घोडा रांगेतून बाजूला झाला. दहाचे दहा वाचले. दाऊदनं भाकरी आणून सटवाच्या तोंडाशी धरली, ती त्यानं घेतली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी पारवी थांबली. तिनं सटवाच्या खांद्यावर मान टाकली आणि ती खाली बसली ती उठली नाही. सगळ्यांत जास्त मान तिलाच मिळाला होता.

संध्याकाळी कट्टा नेहमीसारखा भरला. निळोजीरावांनी घसा खाकरला आणि सांगितलं, "सटव्यानं घोडीला तीन दिस तंगडवलं. एवढ्या चालण्यानं कुठलीबी घोडी मरंल." माना डोलल्या. ज्यांचे घोडे त्याच चालण्यानं वाचले होते आणि घरी वैरण खात होते, त्यांच्याही डोलल्या. दाऊद खाली बघत राहिला. त्याला एकदा बोलून पुरेसं झालं होतं.

तेवढ्यात सटवा आला. खांद्यावर बाभळीचा खुंट, हातात पारवीचं दावं. रक्ताळल्या पायांनी तो कट्ट्याच्या पायऱ्या चढला. त्याच्या घराण्यातला तो पहिला. कुणाला अडवायचं सुचलं नाही. कट्ट्याच्या मधोमध दोन दगडांच्या सांध्यात त्यानं खुंट ठोकला, त्याला ते रिकामं दावं बांधलं आणि सगळ्यांकडं बघितलं.

"माजा खुंट हाय आता," तो म्हणाला. "म्हणून बोलतो. घाम वाळल्याबिगर पाणी न्हाई. हे माजं हाय, निळोजीरावांचं न्हाई." मग म्हणाला, "आन् लगामबी माज्याच हातात हुता. म्या सोडला."

एवढं बोलून तो उतरला, बायकोला घेऊन वेशीबाहेर गेला, आणि त्यानंतर त्याला कुणी पाहिलं नाही. खिंडीत एका गुराख्याला पारव्या घोडीसोबत चालणारा माणूस दिसला, असं म्हणतात. घोडीच्या पाठीवर कुणी बसलेलं नव्हतं.

निळोजीरावांनी तो खुंट उपटायला चार घोडे जुंपले. घोडे हलले नाहीत. चाबूक मोडला, पण घोडे खुंटाकडं पाठ करायला तयार होईनात. आणि त्या दिवसापासून पागेवाडीचा कुठलाही घोडा, कितीही तहानलेला असो, शंभर पावलं फिरवल्याशिवाय बारवेच्या पाण्याला तोंड लावेना. माणसांनी ऐकलं नव्हतं ते घोड्यांनी ऐकलं. मग काय, गावानं खुंटाला शेंदूर फासला. जे उपटता येत नाही त्याला आमच्याकडं शेंदूर फासतात.

खुंट अजून आहे. घोडे आता थोडे उरलेत, लग्नाच्या वरातीचे आणि टांग्याच्या शर्यतीचे. पण चैत्रात प्रत्येक घोडा पाण्याआधी बारवेभोवती शंभर पावलं फिरवतात. त्याला सटवाची शंभरी म्हणतात. पहिला नारळ फोडायचा मान निळोजीरावांच्या वंशजांकडं आहे. पाहुण्यांना ते अभिमानानं सांगतात, सटवा आमच्याच पागेतला. कट्ट्यावर घोडेवाले आजही जमतात आणि प्रत्येक जण सल्ला देताना सुरुवात करतो, "सटवा म्हणायचा..." ज्यानं आयुष्यात एकदाच बोलून घेतलं, त्याच्या नावावर आता गावाचा सगळा मूर्खपणासुद्धा खपतो. त्याचं पहिलं वाक्य पोरासोरांना पाठ आहे. दुसरं, लगामाचं, कुणी म्हणत नाही.

गेल्या चैत्रात मी तिथं होतो. एक मोतद्दार एका पांढऱ्या घोड्याची शंभरी करत होता. चालता चालता तो खालून म्हणाला, "मालक, हा पुढचा उजवा पाय उचलून टाकतोय. आज पळवू नका याला."

कट्ट्यावर खुंटाला हार घालणं चाललं होतं. हार घालणाऱ्यानं मान वळवली आणि हसत विचारलं, "घोडा कुणाचा आहे रे?"

सगळे हसले आणि पुन्हा खुंटापुढं हात जोडले. मोतद्दारानं मान खाली घातली. त्याची एक्काहत्तर पावलं झाली होती. उरलेली त्यानं मुकाट्यानं पुरी केली.