मंगळवारचा वास

“वास तुमच्या टाकीला, आन् लाथ माझ्या मांडीला. ह्यो कुठला न्याय, बाई?”

“म्हशीनं लाथ मारली, त्यात माझ्या टाकीचा काय संबंध?”

“संबंध? चंद्री पाच वर्सं ह्या पद्मलच्याच हाताला दूध देती. आता हिच्या हाताला तुमच्या टाकीचा वास, ही जवळ बसली की पान्हा चोरती. काल सांजंला हिचा हात आचळाला लागला आन् चंद्रीनं पाय झाडला. बादली म्या धरली हुती. बादली गेली, दूध गेलं, मांडी काळीनिळी झाली. आजपास्नं पद्मल कामावर येनार न्हाई. एवढंच सांगायचं हुतं.”

सांगून झालं तरी त्या दारातच उभ्या राहिल्या. पदर कमरेला खोचलेला, हातात दुधाची रिकामी किटली. या आक्काताई, माझ्या पद्मलच्या सासूबाई. घरी सात म्हशी. रतीब घालून त्या तशाच शिरोलीला, माझ्या कारखान्याच्या शेडवर भांडायला आल्या होत्या.

पद्मल मशीनपाशी मान खाली घालून उभी होती.

चार वर्षं मी तिला घडवली. नकाशा वाचायला, मशीनला आकडे द्यायला, नुसत्या आवाजावरून हत्याराची धार गेली हे ओळखायला. माझ्याकडे तीन बायका कामाला आहेत. आकड्यांवर चालणारं सीएनसी मिलिंग मशीन मी जिच्या एकटीच्या भरवशावर सोडते ती पद्मलच.

आणि मला स्वतःला कुणी घडवलं नाही. मशीनचं जाडजूड इंग्रजी पुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊन मी वाचलं. ज्यांनी मला हे बाईमाणसाचं काम नव्हे असं सांगितलं, त्यातल्या दोघांचे जॉब, म्हणजे लोखंडी सुटे भाग, आज माझ्या शेडमध्ये होतात. तेव्हा एका गवळणीनं येऊन मला टाकी शिकवावी, हे मला मुळीच रुचलं नाही. आज कबूल करायला हरकत नाही.

“इकडे या,” मी म्हणाले. “आधी बघा, मग बोला.”

टाकी मशीनच्या पोटाखाली असते. लोखंड कापताना हत्यार तापू नये म्हणून त्यावर कूलंटची धार सोडतात. पाण्यात मिसळलेलं तेलच ते. दिसायला पांढरं. धार खाली गळून टाकीत येते, पंप तीच पुन्हा वर चढवतो.

आक्काताई वाकल्या.

“दुधागत दिसतंय.”

“दोन महिन्यांत तीनदा नवं भरलंय. जंतू मारायचं औषध घातलंय. तेल किती, पाणी किती, याचा आकडा मी रोज काढते. आजचा आकडाही बरोबर आहे.”

“आकड्याला वास येतो का?”

…

आमची सुट्टी सोमवारी. मशीन एक दिवस गप्प राहिलं की मंगळवारी सकाळी दार उघडताना नाक धरावं लागायचं. नासकी अंडी बरी. आज बुधवार होता, तरी वास पुरता गेला नव्हता.

आक्काताईंचं लक्ष मशीनच्या कडेला गेलं. तिथे बटाट्यात खोचलेल्या चार उदबत्त्या होत्या.

“ह्या देवाच्या का?”

“वासाच्या,” पद्मल म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदा बोलली.

“बरं झालं. मला वाटलं, देवालाबी हितंच कामाला लावलंय.”

पद्मलनं हसू दाबलं. ते मला दिसलं, आणि माझा पारा चढला. मी हात पुढे केला.

“हा हात बघा. तीस वर्षं याच धंद्यात आहे. येतो का वास?”

आक्काताईंनी किटली खाली ठेवली. माझा हात दोन्ही हातांत घेतला. नाकाशी नेला, उलटा केला, पुन्हा हुंगला.

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “चंदनाचा साबन हाय.”

“बघा.”

“टाकी कोन धुतं?”

“पद्मल.”

“व्हय.”

हात त्यांनी हळूच सोडला. मग टाकीतल्या पांढऱ्या पाण्याकडे बोट केलं. 

“न भरलेलं हाय का हे? डब्यातलं?”

मी नव्या कूलंटचा डबा उघडून दिला. त्यांनी वास घेतला.

“दूध चांगलं हाय.”

“मग?”

त्यांनी आपल्या किटलीचं झाकण काढलं आणि ती माझ्या नाकाशी धरली. “हुंगा.”

“रिकामी आहे.”

“म्हनूनच.”

मी हुंगली. दुधाचा वास नाही, साबणाचा नाही. तापलेल्या पत्र्याला येतो तेवढाच.

“भरलेली किटली कुनीबी हुंगतं. धुतलीया का न्हाई ते रिकामीच सांगती,” आक्काताई म्हणाल्या.

…

“शनिवारी चाळीस जॉब द्यायचेत,” मी म्हणाले. “टाकी रिकामी करायला आज मशीन बंद ठेवायची मला सवड नाही.”

“मग द्या की.”

“पद्मलशिवाय?”

त्या तिथल्याच लाकडी खोक्यावर बसल्या. किटली मांडीवर घेतली. “मला घाई न्हाई. सांजच्या धारंपत्तूर मोकळीच हाय.”

पद्मल माझ्याकडे बघत होती. तिला घरी बसायचं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मला ती हवी होती, हे तिला ठाऊक होतं. आणि आम्हा दोघींना काय ठाऊक आहे ते खोक्यावर बसलेल्या बाईला पुरतं ठाऊक होतं.

मी मशीन बंद केलं.

“पद्मल, टाकी उपस. ब्रश आण.”

पद्मल ब्रश घेऊन वाकली.

“तू न्हवं,” आक्काताई म्हणाल्या. “तुजा हात सांजंला म्हशीला पायजे.”

ब्रश पद्मलच्या हातात तसाच राहिला. “आत्ती, ताईंना गुडघ्याचं दुखनं आहे.”

“मला मांडीचं हाय.”

मी ब्रश घेतला.

कूलंट उपसायला लागले तशी वरची तपकिरी साय हलली.

“ही साय कसली?” खोक्यावरून प्रश्न.

“मशीनचं तेल. थोडं गळतं, वर तरंगतं. त्यानं काही बिघडत नाही.”

“ओली किटली झाकन लावून ठिवली तर?”

 दोन दिवस बॅगेत राहिलेला जेवणाचा डबा मीही उघडलेला आहे.

पाऊण तासात तळ दिसला. मी घासून घासून चकचकीत केला. तोंडावर शिंतोडे, साडीची वाट लागलेली. कंबर धरून सरळ झाले.

“झालं.”

आक्काताई उठून आल्या. टाकीत नुसतं बघितलं.

“त्यो उभा पत्रा कसला?”

“लोखंडाचा कीस अडवायला. पंपात जाऊ नये म्हणून.”

“त्याच्या मागं?”

“मागे हात जात नाही.”

“कुनाचा?”

…

सहासष्टाव्या वर्षी मी शेडच्या फरशीवर पालथी पडले. हात पत्र्यामागे सारला. मनगट गेलं. कोपर अडलं, मग तेही गेलं. बोटांना काहीतरी मऊ लागलं. मूठभर बाहेर काढलं. काळा चिखल, त्यात किसाचे तुकडे, आणि तो वास. मंगळवार तिथे राहत होता.

तीनदा मी नवं कूलंट भरलं. तिन्ही वेळा हे इथेच होतं.

आक्काताई माझ्याजवळ उकिडव्या बसल्या. आवाज एकदम मऊ झाला, म्हशीशी बोलताना होत असेल तसा.

“विरजन कितीसं लागतं, बाई?”

“चमचाभर,” मी फरशीवरूनच म्हणाले.

पद्मल तोंडाला पदर लावून हसत होती. आता मीही हसले. पालथ्या माणसाला रागावणं जमत नाही.

तो चिखल अर्धी बादली निघाला. मशीन मी वापरलेलं घेतलं होतं; पत्रा त्याआधीच कुणीतरी ठोकून पक्का बसवला होता. मी त्याचे रिबीट तोडले आणि त्या जागी हातानं सुटतील असे बोल्ट घातले. आक्काताईंनी कढत पाणी मागितलं, धुण्याचा सोडा मागितला. किटल्या त्यानंच धुतात म्हणाल्या. मी टाकी तशी धुतली. मग तेच कढत पाणी पंपानं मशीनच्या नळ्यांतूनही फिरवलं. नळ्यांतून काळे धागे बाहेर आले.

“हे तुम्हाला ठाऊक नव्हतं,” मी म्हणाले. तेवढं म्हटल्यावाचून माझा जीव राहिना.

“न्हवतं की,” आक्काताई म्हणाल्या. “म्हशीला नळ्या नसत्यात.”

साध्या पाण्यानं दोनदा खळबळून टाकी आम्ही ओढत बाहेर नेली आणि भिंतीला टेकवून तोंड उन्हाकडे करून ठेवली. बाकीच्या दोघी जुन्या मशीनवर काम सोडून बघायला आल्या. एकीनं फोटो काढला. मी नको म्हटलं नाही.

जेवायला दाराच्या चौकटीच्या सावलीत बसलो. पद्मलच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि मेथी होती. चंदनाच्या साबणानं मी तीनदा हात धुतले होते. घास तोंडाशी नेला आणि परत खाली ठेवला.

पद्मलनं मला चमचा दिला.

आक्काताई भाकरी चावत उन्हातल्या टाकीकडे बघत होत्या. “ही चांगली हाय,” त्या म्हणाल्या. टाकीबद्दल की सुनेबद्दल, मी विचारलं नाही. दोन्हीकडे मान डोलावली.

चारला टाकी कोरडी ठणठणीत झाली. पत्रा हाताला चटका देत होता. आम्ही ती आत आणली. नव्या कूलंटचा डबा मी उघडून ठेवला, पाणी मोजून ठेवलं, आणि थांबले. माझ्या शेडमध्ये मी कुणासाठी अशी थांबलेली मला आठवत नाही.

आक्काताईंनी टाकीत डोकं घातलं. पत्र्यामागच्या कोपऱ्याशी नाक नेलं. 

“काय?” मी विचारलं.

…

“काय येतंय?”

त्या उठल्या. पदरानं नाक पुसलं. 

“हात बघू तुमचा.”

मी हात मागे घेतला. आक्काताईंनी तो ओढून पुढे आणला, सकाळसारखाच दोन्ही हातांत धरला आणि नाकाशी नेला. लगेच तोंड फिरवलं. सकाळपासून न हसलेली बाई पोट धरून हसली.

मग सुनेला म्हणाल्या, “सांजंला धारंला बस. उद्या वक्तशीर कामावर ये.” आणि किटली उचलून माझ्याकडे वळल्या.

“आता तुमच्या हाताला म्हस पान्हा सोडायची न्हाई. भरा टाकी.”