न पोचलेला नकार

भेंडझरी गावच्या झऱ्याशेजारी दगडखाण येणार होती. त्यावर हरकती ऐकायला सुनावणी अधिकारी वाघचौरे शाळेच्या पडवीत येऊन बसले आणि बसल्या बसल्याच निकाल देऊन मोकळे झाले. "हरकती ईमेलनं मागवल्या होत्या. एकही आली नाही. म्हणजे गावाची संमती आहे."

उपसरपंच मंदाकिनी ढेबे उठल्या. "साहेब, मोबाइलच्या हॉटस्पॉटला लॅपटॉप जोडून आठवडाभर धडपडतोय. तुमची नोटीस येते, पण आमची हरकत जात नाही. या दरीत असंच आहे."

"ती तुमची अडचण. जे पोचलं नाही, ते मी धरत नाही."

गावाला प्यायला तेवढा एकच झरा होता.

"बरं," मंदाकिनीबाई म्हणाल्या, "मग आमची मागणी ऐका. खाण रद्द करा. तुमचा नकार असेल, तर इथूनच ईमेलनं कळवा. सुनावणी संपेपर्यंत तो पोचला नाही, तर आम्ही तुमची संमती धरू."

साहेब हसले. त्यांनी आपला हॉटस्पॉट चालू केला, लॅपटॉप जोडला, दोन ओळी लिहून बटण दाबलं. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. त्यांनी मोबाइल कठड्यावर ठेवला, मग उभं राहून पार कौलापर्यंत धरला. चक्र फिरतच होतं. कोणीही हसलं नाही.

शेवटी साहेबांनी लॅपटॉप आपटून मिटला. "मेल गेला नाही म्हणून काय माझी संमती झाली?"

मंदाकिनीबाईंनी एक कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"हेच वाक्य लिहून घ्या, साहेब. त्याखाली अख्खं गाव सही करेल."