तिसरा बर्गर

मोठ्यांनी वाढलेलं पानात टाकायचं नाही आणि त्यांना उलट विचारायचं नाही, हा ऋजुताच्या आजोळचा नियम. श्रीपादमामांनी बर्गरचं दुकान काढलं, तेव्हा सगळ्या नातेवाइकांसमोर त्यांनी तिच्या धाकट्या भावापुढे, ओजसपुढे, तिसरा बर्गर ठेवला. डॉक्टरांनी त्याला वजन उतरवायला सांगून असलं खाणं बंद केलं होतं, हे मामांनाही ठाऊक होतं.

"लठ्ठपणात दुकानाचा काय दोष? ज्याची जीभ, त्याची जबाबदारी," मामा म्हणाले. "संपव रे."

ऋजुता गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. तिने ती बशी मामांपुढे सरकवली. "तुम्हीच संपवा."

"मला कसं चालेल? शुगर आहे. डॉक्टरांनी बंद केलंय."

"त्यालाही केलंय. मग मामा, नकार मोठ्यांचा आणि जबाबदारी लहानांची, असं कसं? ओजस खाणार नाही. मीही नाही."

आपला अर्धा बर्गर तसाच पानात टाकून ती उठली. मोठ्यांपैकी कुणालाही नियम आठवला नाही.