दगड वर नेणारे गाव

फार पूर्वी खाडीच्या काठी एक गाव होते. कुठे होते ते बोट दाखवून सांगता येणार नाही. तिथे आता पाणी आहे.

गावाच्या पुढे खाडी होती, मागे टेकडी आणि मधे भातशेती. शेती भरतीच्या पाण्याहून खालच्या अंगाला होती. खारे पाणी आत येऊ नये म्हणून वाडवडिलांनी मातीचा लांब बांध घातला होता. बांधाच्या पुढे चिखलात तिवरांची दाट झाडी होती. लाट आधी तिवरांवर आपटायची, तिथे तिचा जोर मोडायचा, आणि मग ती बांधाशी यायची. तिवरांनी बांध राखला आणि बांधाने गाव राखले.

गावात चुन्याच्या भट्ट्या होत्या. खाडीतले शिंपले भाजायचे आणि चुना करायचा. भाजायला लाकूड लागे, आणि हाताशी लाकूड म्हणजे तिवर. खाडीच्या दोन्ही काठांवर अशीच गावे होती. गावोगाव भट्ट्या होत्या आणि दिवसभर धूर वर चढत होता.

वाडवडील शिकलेले नव्हते, पण त्यांना डोळे होते. धूर वाढला की हवा तापते, हवा तापली की समुद्र फुगतो आणि तिवर गेले की बांध जातो, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून त्यांनी एक दगड पुरला. बांध जिथे टेकडीला टेकत होता तिथल्या उतारावर, बांधाच्या माथ्यापेक्षा एक हात खाली. त्याला शेंदूर लावला आणि नेम घातला. वर्षातले सर्वांत मोठे उधाण भाद्रपदातल्या अमावास्येला येते. त्या दिवशी भर दुपारी राखणदाराने दगडापाशी उभे राहायचे. पाणी दगडाला लागले तर ढोल वाजवायचा. ढोल वाजला की वर्षभर भट्ट्या विझवायच्या. तिवराला कोयता लावायचा नाही, उलट नवे तिवर लावायचे. घरटी एका माणसाने बांधावर माती टाकायची. या वर्षाला विझवणीचे वर्ष म्हणत.

विझवणीचे वर्ष कठीण जाई. चुना नाही म्हणजे बाजार नाही. भात आणि मासळीवर दिवस काढायचे.

राखणदाराचा मान एकाच घरात होता. या गोष्टीतल्या राखणदाराच्या आजोबाने एकदा ढोल वाजवला होता. बांध वाचला, गाव वाचले. पण लोकांनी त्या वर्षी कडू कंद उकडून खाल्ले, आणि कंदाची चव त्यांच्या लक्षात राहिली. गाव वाचले, हे मात्र लक्षात राहिले नाही. पुढे दोन पिढ्या त्या घराला 'ढोलबडवे' म्हणत. राखणदार लहान असताना पोरे त्याच्या मागे डबे वाजवत फिरायची. ते तो विसरला नव्हता.

एका वर्षी भाद्रपदातल्या अमावास्येला पाणी दगडाला लागले.

राखणदार एकटाच उभा होता. पाणी आले, दगडाच्या पायथ्याचा शेंदूर धुऊन गेले. ढोल त्याच्या गळ्यात होता आणि टिपरू हातात होते. त्याने टिपरू उचलले आणि पुन्हा खाली घेतले. ढोल पाठीवर टाकून तो पाटलाच्या ओसरीवर गेला.

ओसरीवर पाटील होता आणि गावातला सर्वांत मोठा भट्टीवाला होता. दोघे पान खात होते.

"पाटील, पाणी लागलं," राखणदार म्हणाला.

"किती?"

"चार बोटं."

भट्टीवाला हसला. "चार बोटं? एखादी होडी गेली असेल जवळून. होडीच्या लाटेला कुणी ढोल वाजवतं का?"

"होडी नव्हती. मी तिथेच होतो."

"बरं, नव्हती. मग आता काय? भट्ट्या विझवू? पलीकडच्या काठाच्या भट्ट्या चालूच राहणार. धूर त्यांचा, उपास आमचा. त्यांनी विझवल्या की सांग, मी माझी पहिली विझवतो."

"समुद्र काठ विचारून येत नाही," राखणदार म्हणाला. पण हळू म्हणाला.

पाटलाने पान थुंकले. "मला दुसरंच वाटतं. पावसाने उताराची माती धुपली आणि देव खाली सरकला. देवाचे पाय खाऱ्या पाण्यात, हे गावाला शोभतं का? दसरा आलाय. देवाला वर नेऊ, कोरड्या जागी बसवू. वाजतगाजत. पहिला नारळ राखणदाराचा आणि पागोटंही राखणदाराला. काय?"

राखणदाराने पाठीवरचा ढोल उतरवून खाली ठेवला. त्याच्या घरात आजवर कुणाला पागोटे मिळाले नव्हते. मिळाली होती ती फक्त शिवी.

"ढोल वाजवलास तर लोक तुला काय म्हणतील ते मी सांगायला नको," भट्टीवाला म्हणाला.

ढोल त्या वर्षी दसऱ्याला वाजला. दगड बांबूंना बांधून मंद उतारावर बारा पावले, म्हणजे वीतभर उंच नेला. राखणदार पागोटे बांधून पुढे चालला. बायकांनी ओवाळले. सगळे जेवले. भट्ट्या पेटत्या राहिल्या.

तीन वर्षांनी पाणी पुन्हा दगडापाशी आले. या वेळी राखणदाराला बोलावेही लागले नाही. पाटलानेच विचारले, "देवाला वर न्यायचं का यंदा?" राखणदाराने मान हलवली. दगड आणखी वीस पावले, उभ्या चढावर गेला. त्याच्यावर छप्पर घातले. देव आता निवांत आहे, असे लोक म्हणू लागले.

दगडाला पाणी लागत नाही म्हणून बांधावर माती पडत नव्हती. बांधात खेकड्यांनी बिळे केली. तिवर भट्टीत गेले, चिखल उघडा पडला. उन्हाळे असे वाढले की दुपारी माणूस बाहेर पडेना. बोय मासा खाडीतून निघून गेला. बांधाजवळच्या विहिरीचे पाणी मचूळ झाले.

त्या विहिरीवर राखणदाराची मुलगी पाणी भरी. तिचे नाव आवडी. एकुलती एक. तिला गावातच दिली होती. जावयाचे नाव गोमा. त्यांचे घर सर्वांत खाली, बांधाला लागून होते. दोन लहान मुले होती.

एक दिवस आवडी तांब्या घेऊन बापाकडे आली. "बा, हे पी."

राखणदाराने घोट घेतला आणि तोंड वाकडे केले.

"आम्ही रोज पितो," ती म्हणाली.

"यंदा ऊन कडक आहे. विहीर आटली की पाणी असं लागतं."

"बा, मी काल बांधावर उभी राहून दगडाकडं बघितलं. मान वर करावी लागली. दगड आता बांधाच्या माथ्याहून वर आहे. त्याला पाणी लागेल तेव्हा माझं घर कुठं असेल?"

राखणदाराने तांब्या खाली ठेवला.

"तुझे जावई म्हणतात, टेकडीवर वाडवडिलांचं खोपट आहे तिथं जाऊ. पण निघायचं कशाला, म्हणतात. मामांनी ढोल वाजवला नाही म्हणजे धोका नाही. तुझ्यावर विसंबून आहेत ते. तू सांग. जाऊ का?"

इथे राखणदाराला खरे बोलता आले असते. मुलगी समोर होती, तिसरे कुणी नव्हते. पण 'जा' म्हटले की 'का' असा प्रश्न आला असता. मग चार बोटे पाण्याची गोष्ट सांगावी लागली असती, आणि पागोट्याचीही.

"मी राखणदार आहे," तो म्हणाला. "धोका असता तर पहिला ढोल मीच वाजवला असता. जा, पोरं एकटी असतील."

आवडी तांब्या उचलून गेली.

त्याच वर्षी भाद्रपदातल्या अमावास्येला सकाळपासून वारा होता. पाऊस नव्हता, नुसता वारा, आणि तोही गरम. दुपारी भरती चढू लागली. राखणदार नेमाप्रमाणे छपराखाली दगडापाशी उभा होता. दगड कोरडा होता. तिथून त्याला खाली सगळे दिसत होते. पूर्वी जिथे तिवर होते तिथून लाटा सरळ येत होत्या, मधे अडवणारे काही नव्हते. बांधाच्या माथ्यावरून पाणी पातळ चादरीसारखे आत उतरू लागले. भात फुलोऱ्यावर होते.

राखणदाराने ढोल गळ्यात घातला आणि वाजवायला सुरुवात केली. जोरात, न थांबता वाजवला. टिपरू मोडले तेव्हा हाताने वाजवला.

लोक अंगणात आले. त्यांनी वर पाहिले.

"दगड कोरडा आहे की!" एक जण ओरडला.

"मग हा कशाला बडवतो?"

"दसरा लवकर आला वाटतं याचा. पागोटं हवं असेल नवं."

"आजोबावर गेला. ढोलबडव्या!"

लोक हसले आणि घरात गेले. त्यांचे तरी काय चुकले? दगड कोरडा तर गाव कोरडे, हेच त्यांना इतकी वर्षे दाखवले होते. दाखवणारा राखणदारच होता.

भट्टीवाला भट्टीपाशी होता. त्याने ढोल ऐकला आणि गड्यांना म्हणाला, "लाकूड टाका, आच कमी होते."

ढोल ऐकून एकच माणूस धावला. गोमा. मामांनी वाजवलाय म्हणजे धोका आहे, एवढे त्याला पुरे होते. त्याने बायकोला सांगितले, "पोरांना घे, टेकडीवर जा, मागे बघू नको." कुदळ आणि घमेले उचलले आणि तो बांधाकडे पळाला. खेकड्यांच्या बिळांतून पाणी कारंज्यासारखे उडत होते. तो एक बीळ बुजवी, तोवर शेजारी दुसरे फुटे. गावात दीडशे धडधाकट माणसे होती. बांधावर एक होता.

राखणदार वरून ओरडत होता, "गोमा, सोड! माघारी ये!" वाऱ्यात ते खाली पोचले नाही.

बांध मधोमध फुटला. गोमा उभा होता तिथेच.

मग मात्र सगळे धावले, टेकडीकडे. पाटील धावला, भट्टीवाला धावला. पेटत्या भट्टीत पाणी शिरले तेव्हा तोफ उडावी तसा आवाज झाला. संध्याकाळी ओहोटी लागली. गोमा दोन दिवसांनी सापडला, घमेल्याची कडी हातात तशीच होती. आणखी सात माणसे गेली, त्यांत पाटलाची आई होती.

शेतात मीठ बसले. भात पुन्हा उगवले नाही. विहिरी खाऱ्या झाल्या. फुटलेला बांध जोडायला माणसे उरली नाहीत, आणि पुढच्या उधाणांनी उरलेला बांधही नेला. भट्टीवाल्याने खाडीच्या वरच्या अंगाला, दुसऱ्या गावात जागा घेतली आणि तिथे भट्टी लावली. तिथेही तिवर होते. पाटील म्हणत राहिला, "देवाने इशाराच दिला नाही." म्हणताना त्याची मान खाली असायची.

तेराव्यानंतर आवडीने पोरांचे कपडे गाठोड्यात बांधले. ती डोंगरापलीकडे नणंदेकडे निघाली होती. राखणदार दाराशी आला. पागोटे नव्हते. त्याच्या हातातही छोटे गाठोडे होते.

आवडीने त्याच्याकडे पाहिले.

"बा, एक विचारते. पहिल्यांदा दगड हलवला त्या वर्षी पाणी लागलं होतं का?"

"हो."

"तू बघितलं होतंस?"

"हो."

"आणि मी तांब्या घेऊन आले होते तेव्हा तुला ठाऊक होतं."

राखणदाराची मान तेवढी हलली.

आवडी रडली नाही. धाकट्याला तिने कडेवर घेतले, थोरल्याचा हात धरला.

"तू येऊ नको," ती म्हणाली. "रात्री पोरं विचारतात, बाबा का गेले. तू समोर असलास तर मला सांगावं लागेल."

ती गेली. त्याने तिला वळणापर्यंत पाहिले. तिने मागे पाहिले नाही.

राखणदार टेकडीवरच्या खोपटात एकटा राहिला. सकाळी ओहोटी लागली की तो चिखलात उतरे. दूरच्या खाडीतून तिवराच्या शेंगा आणी आणि एक एक रोवी. भरती आली की निम्म्या वाहून जात. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा रोवी. येणारेजाणारे विचारत, "म्हातारबा, आता गाव नाही, कुणासाठी लावता?" तो पुढची शेंग चिखलात रोवी. तिवर माणसाच्या उंचीचे व्हायला वर्षे लागतात. तेवढी वर्षे त्याच्याजवळ नव्हती.

तात्पर्य सांगायचे ते इतकेच: धोक्याची खूण वर सरकवली तरी पाणी थांबत नाही. हवा तापते आहे, समुद्र चढतो आहे, हे ज्याला दिसले त्याने त्याच दिवशी सांगावे, आणि ज्याने ऐकले त्याने त्याच दिवशी हात चालवावेत. शेजारचा आधी थांबेल म्हणून वाट पाहणारे दोघेही बुडतात.