मिठाला न जागलेला चकोर

पूर्वी चंपा नगरीत सुषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने चकोराचा जन्म घेतला होता. विषारी अन्न दृष्टीस पडले की चकोराचे डोळे लाल होतात. म्हणून अन्नछत्रातले धान्य शिजवण्याआधी त्याला दाखवायचे, अशी तिथली रीत होती. डोळे लाल झाले नाहीत तरच चुली पेटत.

चकोर रानात चरे, सकाळी येऊन धान्य बघे आणि परत जाई. पण एका वर्षी चकोरीला पिल्ले झाली आणि नेमके त्याच वर्षी रान वणव्यात जळाले. राजाचा कोठारी सोमिल लगबगीने पुढे आला.

"पक्षिराज, वणवण कशाला? कोठारात राहायला या. पिल्लांना काही कमी पडणार नाही."

बोधिसत्त्व झाला म्हणून काय, पिल्लांच्या उघड्या चोची कोणत्या बापाला बघवतात? तो गेला.

पुढे पावसाळ्यात एका पेवाला पाझर लागला आणि जमिनीखाली साठवलेले भात बुरसले. सोमिलाने त्याचा बभ्रा होऊ दिला नाही. तो रोज सुपात चांगले दाणे घोळून आणी आणि चकोरापुढे ठेवी. अखेर एके सकाळी पेवाकडून कुबट वास आला, तेव्हा बोधिसत्त्व म्हणाला, "मला पेवच बघू द्या."

"खोटं बोला असं मी कधी म्हटलंय का?" सोमिल हसला. "पुढ्यात ठेवलंय तेवढं बघा. पिल्लांना अजून पंख फुटायचेत."

बोधिसत्त्व काय समजायचे ते समजला. त्याला भीती वाटली. इतके दिवस आपण सुपातलेच बघत आलो, याची लाजही वाटली. चकोरीने पिल्लांना पंखाखाली घेतले आणि ती म्हणाली, "जा. आम्ही बघून घेऊ."

तो थेट राजसभेत उतरला. "महाराज, चुली पेटवू नका. माझे डोळे लाल झाले नाहीत, हे खरं. पण मला दाखवलं तेवढंच मी पाहिलंय."

मागोमाग धावत आलेला सोमिल कडाडला, "याची पिल्लं माझ्या दाण्यांवर वाढतायत, महाराज! हा खाल्ल्या मिठाला जागत नाही!"

"मीठ मी खाल्लं," बोधिसत्त्व म्हणाला. "भात गाव खाणार आहे."

राजाने पेव उघडवले. बोधिसत्त्वाने आत डोकावले आणि त्याचे डोळे गुंजेसारखे लाल झाले. भात फेकले गेले, सोमिलाचे कोठारीपद गेले. राजा प्रसन्न होऊन म्हणाला, "यापुढे माझ्या हातचे दाणे खा."

"नको, महाराज. कधीतरी आपल्या ताटाकडेही बघावं लागेल."

राजाला ते झोंबले. तरी तो म्हणाला, "पिल्लं खातील काय?"

"दर घरामागे चिमूटभर दाणे गावानं टाकावेत. कोणी टाकले ते मला कळू नये. आणि मी म्हणेन ते पेव, म्हणेन तेव्हा उघडावं."

राजाने तशी दवंडी पिटवली. पिल्ले जरा किडकिडीत झाली, पण उडाली.

ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आज इथे बसलेले गृहपती सुदंत. चकोरी म्हणजे त्यांच्या शेजारची भिक्खुणी क्षेमंकरा. आणि चकोर तो मीच."

"आणि सोमिल?" एका भिक्खूने विचारले.

"त्याची फेरी अजून संपलेली नाही. जिथे कोणी पारख करायला बसेल, तिथे तो जेवणाचं आमंत्रण घेऊन जन्माला येईल. म्हणून सत्यपारमितेला नुसतं खरं बोलणं पुरत नाही. काय बघायचं, हे आपलं आपण ठरवावं लागतं."